गोपीमेस्त्रीचं पांढरं फडकं

गोपीनाथ सावे माणसाशी बोलायच्या आधी त्याच्या गाडीशी बोलायचा, आणि तेही शेपटीकडून. डहाणू रोड स्टेशनाच्या मालधक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं. गाडी आत शिरली, मालक उतरला, ‘काय मेस्त्री, बरं ना?’ म्हणायला त्याने तोंड उघडलं, तोवर हा मागे जाऊन उकिडवा बसलेला असायचा. खिशातून पांढरंशुभ्र फडकं काढायचं, सायलेन्सरच्या तोंडावर धरायचं, मनात शंभर आकडे मोजायचे आणि मग ते उजेडात धरून नीट न्याहाळायचं. डॉक्टर जीभ बघतो ना, अगदी तसं.

फडकं पांढरं राहिलं तर मान हलायची. काळं पडलं की मालकाची कंबख्ती. “अहो, हिला अजीर्ण झालंय. खायला ढीगभर घालता आणि श्वास घेऊ देत नाही. पेट्रोल किती, हवा किती आणि ठिणगी कधी, या तीन गोष्टी जमल्या की गाडीला धूर येत नाही. आला, तर समजा मेस्त्री गाढव.” मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. पुन्हा फडकं, पुन्हा शंभर आकडे. कचेरीची जीप असो नाहीतर चिकूच्या वाडीवाल्या पारशीबावाची म्हातारी मोटार असो, काळं फडकं घेऊन गाडी त्या फाटकाबाहेर गेली नाही. मालक घाईत असला तर खुशाल शंख करो.

बरं, हे खूळ आलं कुठून? आईच्या चुलीतून. गोपीनाथ मूळचा किनाऱ्यावरच्या चिखले गावचा. त्याची आई मोठी कडक बाई. सून असो की पोर, चुलीतून धूर आला की फुंकणी आधी पाठीत बसायची. “धूर दिसला की समजावं, कुठंतरी जळायचं राहून गेलंय,” ती म्हणायची. “लाकडं कोंबू नका. वाऱ्याला वाट द्या.” गोपीनाथ पंधराव्या वर्षी वाडीवरच्या पाणी उपसायच्या इंजिनावर कामाला लागला. ते इंजिन दिवसभर टुकटुक करत काळ्या धुराचे गोळे आभाळात सोडायचं. मालकाला वाटायचं, काय जोर आहे बघा! गोपीनाथला आईची फुंकणी आठवायची. आठ दिवस ते इंजिन उलगडून, पुसून, परत जोडून त्याने त्याचा धूर बंद केला आणि वर तेलही कमी लागायला लागलं. तेव्हापासून तो जो या नादाला लागला तो लागलाच. १९५२ साली डहाणूत गॅरेज टाकलं तेव्हा फाटकावर पहिली पाटी लावली: ‘गाडी पुसून आणावी.’ घाणेरडी गाडी तो हातात घ्यायचा नाही. ही पाटी लक्षात ठेवा हं. पुढे तिनेच घात केला.

गॅरेजच्या समोर, रस्त्यापलीकडे, प्राथमिक शाळा होती, आणि त्या शाळेत वसुमतीबाई होत्या. त्याची बायको. रस्त्याकडेच्या वर्गाला तीन मोठ्या खिडक्या होत्या. सकाळी अकरा वाजता त्या खिडक्यांतून पाढे सुरू व्हायचे. पन्नास पोरांचा गलका आणि त्या सगळ्यांच्या वर बाईंचा आवाज: “सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस!” काय आवाज होता महाराजा! मालधक्क्यावरचे हमालसुद्धा सतराचा पाढा शिकले म्हणतात. गोपीनाथ गाडीखाली आडवा पडून काम करायचा आणि तो आवाज कानावर पडत राहायचा. घरी गेल्यावर तो तिला सांगायचा, “आज सतरा त्रिकला कुणीतरी पंचावन्न म्हणालं.” ती म्हणायची, “तुमचे कान इंजिनाकडे असतात की माझ्या वर्गात?” दोघंच घरात, दोघांची कामं समोरासमोर. सुखाचा संसार म्हणतात तो यापेक्षा वेगळा काय असतो, ते मला तरी ठाऊक नाही.

पण सुखाला दृष्ट लागते, आणि या सुखाला लागली ती गवताची. तुम्हाला ठाऊकच असेल, आपल्या या डहाणू-तलासरीच्या डोंगराकडच्या बाजूला गवत म्हणजे पीकच. दिवाळीनंतर कापणी सुरू व्हायची, वखारींत दाबून गाठी बांधायच्या आणि ट्रकांवर लादून मालधक्क्यावर आणायच्या. तिथून वॅगनींतून मुंबईच्या तबेल्यांना. आधी हे सगळं बैलगाडीवर चालायचं. पुढे चिमणशेठने ट्रक घेतले, एक-एक करता सात. दिवाळी ते शिमगा हे सातही ट्रक शाळेपुढच्या त्याच रस्त्यावर रांग लावून उभे असायचे. एक वॅगन भरेपर्यंत इंजिनं चालूच, कारण बंद केली तर परत लवकर सुरू होत नसत. आणि धूर? काळाकुट्ट! शाळेची भिंत पहिल्या वर्षी करडी झाली, दुसऱ्या वर्षी काळी.

वसुमतीबाईंना दमा लागला. आधी नुसता खोकला, मग रात्रभर उशीला टेकून बसणं. शाळेच्या तिन्ही खिडक्या बंद झाल्या. पाढे आतल्या आत कोंडले आणि बाईंचा आवाज तर गेलाच. त्या फळ्यावर पाढा लिहायच्या आणि काठीने दाखवायच्या, पोरं म्हणायची. गाडीखाली पडलेल्या गोपीनाथला आता नुसती इंजिनांची घरघर ऐकू यायची. जेवण गोड लागेना त्याला. खोटं कशाला सांगू, एकदा एकटाच गॅरेजात बसून रडलाही.

१९६० साल उजाडलं. डॉक्टरांनी वसुमतीबाईंना स्पष्टच सांगितलं: “बाई, औषधाने मी तुम्हाला उभं ठेवीन, पण हा धूर मला बांधून ठेवता येणार नाही. जव्हारला बदली मागा. डोंगरावरची हवा आहे, सुधाराल.” बदलीचे अर्ज मार्चअखेर पाठवावे लागत. वसुमतीबाईंनी त्याच रात्री अर्ज लिहिला, घडी केली आणि देवघरातल्या तसबिरीमागे ठेवला.

“होळीपर्यंत बघू,” त्या म्हणाल्या. “होळी झाली की पाठवते.”

“आणि मी?” गोपीनाथने विचारलं.

“तुम्ही गॅरेज सोडून जव्हारला काय करणार? तिथे गाड्या आहेत किती? सुट्टीला येत जाईन मी.”

ज्या माणसाने आठ वर्षं साऱ्या तालुक्याचा धूर पुसला, त्याच्या स्वतःच्या बायकोला धुरापायी घर सोडावं लागत होतं. लोक तोंडावर बोलत नसत, पण मागे म्हणायचेच, दिव्याखाली अंधार.

तो दुसऱ्याच दिवशी चिमणशेठकडे गेला. “शेठ, तुमचे सातही ट्रक एकेक करून माझ्याकडे पाठवा. मजुरी नको.”

चिमणशेठ गादीवर लोळत होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली. “मेस्त्री, धूर तर निघणारच ने! चूल पेटली तर धूर निघेल. काळा धूर म्हणजे गाडीमां जोर. ज्या गाडीला धूर नाय ती गाठी काय ओढणार?”

“तुमच्या घरी चुलीला धूर आला तर शेठाणी जोर आला म्हणून नाचते काय?” गोपीनाथ म्हणाला. शेठ खो खो हसला आणि ट्रक पाठवतो म्हणाला.

ट्रक आले. पुसून, लख्ख होऊन आले, पाटीवर लिहिल्याप्रमाणे. गोपीनाथने एकेकाचे नोझल काढून तपासले, पंप तपासला, व्हॉल्व्ह बसवले. आणि गंमत अशी की, फार काही करायला लागतच नव्हतं. फडकं लावावं तर करड्या रंगाच्या वर जाईना. पुरेसं जळत होतं. तो गाडी परत द्यायचा, गाडी सायवनच्या बाजूला वखारीत जायची, गाठी लादून संध्याकाळी मालधक्क्यावर यायची आणि शाळेपुढे उभी राहून भकाभक काळा धूर ओकायची! गोपीनाथ धावत बाहेर यायचा. तीच गाडी, तोच नंबर. त्याने स्वतःच्या हाताने परवा जोडलेली. आत बोलवावी, तर पुसूनच यायची आणि धूर गायब!

पहिल्यांदा त्याला वाटलं, डिझेल भेसळीचं असेल. बाटलीत भरून बघितलं, चांगलं निघालं. मग वाटलं, वजनाचा परिणाम असेल. त्याने एक ट्रक गाठी लादूनच गॅरेजात बोलावला आणि भरल्या ट्रकाने थेट बोर्डीपर्यंत जाऊन आला. धूर नाही! आता बोला. पंप परत उघडला. नोझल नवे घातले. ड्रायव्हर सज्जन माणसासारखे बाजूला उभे राहून बघायचे. बॉनेट उघडलं की आत इंजिनाच्या नाकाशी, म्हणजे एअर फिल्टरच्या गळ्याला, सुतळीची एक गाठ मारलेली असायची, सातही गाड्यांना. गोपीनाथला वाटलं, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा नवसाचा दोरा असेल. कुणी गाडीला लिंबू-मिरची बांधतो, कुणी दोरा बांधतो. देवाधर्माच्या गोष्टीला पान्हा कशाला लावा? तो ती गाठ जपून बाजूला सारायचा आणि काम करायचा. स्वतःच्या हातांनी बाजूला सारायचा, बरं का!

माघ संपत आला. गोपीनाथने हात टेकले. एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, “वसू, माझं डोकं चालत नाही. गाडी माझ्याकडे असते तेव्हा शहाणी, रस्त्यावर गेली की वेडी.”

वसुमतीबाई हळूहळू बोलायच्या, दोन शब्द, मग श्वास. “पोराचं गणित चुकलं... की मी पहिल्या ओळीपासून बघते. दोन्ही वेळा काय काय सारखं आहे ते खोडा. उरेल तो फरक.”

“गाडी तीच. ड्रायव्हर तोच. डिझेल तेच, वजन तेच, रस्ता तोच.”

“मग एकच फरक उरला,” त्या हसल्या. “तुम्ही. रस्त्यावर तुम्ही नसता.”

गोपीनाथही हसला. त्याला ती थट्टा वाटली, आणि तिलाही.

होळीला सोळा दिवस उरले असताना सायवनच्या वखारीतून निरोप आला: शुक्राच्या ट्रकाच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, मेस्त्रीला पाठवा. शुक्रा हा सातांतला सगळ्यात हुशार ड्रायव्हर, सायवनचाच. हा गडी सगळ्यांना ‘तू’ म्हणायचा. डोंगराकडच्या लोकांत तीच रीत. मामलेदार आला तरी ‘तू कवा आलास?’ गोपीनाथने पिशवीत अवजारं भरली, एस.टी.ने जमेल तेवढा गेला, वाटेत विवळवेढ्याच्या डोंगराकडे बघून हात जोडले, “आई, तुझा दोरा सात गाड्यांना आहे, जरा बघ ना,” म्हणाला आणि पुढे पायी वखारीत पोचला.

वखार त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. गवताच्या गंजी घरांएवढ्या. मधोमध लाकडी दाबयंत्र आणि चोहीकडे कुसळं उडतायत, उन्हात चकाकत. दोन मिनिटांत त्याच्या नाकाची, डोळ्यांची आग झाली. तिथे कामाला असलेल्या बाया-गड्यांनी सगळ्यांनी नाकातोंडावर ओलं फडकं करकचून बांधलं होतं. नुसते डोळे दिसायचे.

“शुक्रा कुठे आहे?” त्याने एका बाईला विचारलं. ती शुक्राचीच बायको निघाली, सुकी. तिने आधी डोक्यावरचा भारा खाली टाकला, मग तोंडावरचं फडकं सोडलं, खाली ओढलं आणि मग बोलली: “मागल्या अंगाला हाय.” एवढं बोलून परत बांधलं. पुढे एक म्हातारा भेटला, त्यानेही तसंच. आधी फडकं सोडलं, मग बोलला. गोपीनाथला खोकल्याची उबळ आली तेव्हा सुकीने एक ओलं फडकं त्याच्या हातात दिलं. “बांध. नायतर मरशील.”

त्याने बांधलं. वीस पावलं बरं वाटलं. मग ते फडकं कुसळांनी गच्च झालं आणि त्याला श्वास पुरेना. छाती वर-खाली होऊ लागली. वसूला रोज असंच होतं, त्याच्या मनात आलं, आणि त्याला एकदम भडभडून आलं. फडकं खाली ओढत तो गंजीच्या मागे वळला.

मागे शुक्राचा ट्रक उभा होता. इंजिन चालू, बॉनेट उघडं. सायलेन्सरमधून काळा धूर. आणि इंजिनाच्या नाकावर गोणपाटाचा ओला तुकडा, चारी बाजूंनी सुतळीने आवळून बांधलेला, कुसळांनी शेणाच्या गोवरीसारखा थापलेला.

शुक्राने वर बघितलं. मेस्त्री दिसताच तो दचकला, पटकन हात घालून त्याने ते गोणपाट ओढून काढलं, पाठीमागे लपवलं आणि म्हणाला, “राम राम मेस्तरी.”

धूर बंद झाला. डोळ्यांदेखत, जसा कुणी नळ बंद करावा तसा.

गोपीनाथ तसाच उभा. पिशवी हातातून पडली. “शुक्रा,” तो म्हणाला, “मागे काय लपवलंस?”

“काय नाय.”

“अरे, दाखव की! खात नाही मी तुला.”

शुक्राने ओशाळून गोणपाट पुढे केलं. “फडकं हाय. गवतात आमच्या नाकात कुसळं जातात, तशी हिच्याबी जातात. आमी बांधतो, हिलाबी बांधतो. ही काय दगडाची हाय?”

“सगळे बांधता?”

“सातीच्या साती.”

“आणि धक्क्यावर, शाळेपुढे?”

“तिथंबी गवतच की. गाठी उतरताना जास्तच उडतं.”

“मग माझ्याकडे येताना?”

“सोडतो.” शुक्राला प्रश्नच कळेना. “पुसून आन म्हनून तूच लिवलंस. नि तोंड बांधून कोन कोनाच्या दारात जातं काय? तू मोठा मानूस. तोंड बांधून जातो तो चोर.”

“आणि ती सुतळी?” गोपीनाथचा आवाज चिरकला. “गळ्याशी राहते ती? मला वाटलं महालक्ष्मीचा दोरा!”

शुक्रा आधी बघतच राहिला आणि मग जो हसत सुटला तो जमिनीवर बसला. “अरं देवा! मेस्तरी सुतळीच्या पाया पडतो!” सुकी आली, बाकीचे आले, सगळी वखार हसायला लागली, फडकी सोडून सोडून. गोपीनाथने स्वतःच्या कपाळावर असा हात मारला की ग्रीसचा पंजा उमटला. “अरे गाढवा गोप्या,” तो मोठ्यांदा म्हणाला, “काखेत कळसा आणि गावाला वळसा! फरक मीच रे, फरक मीच!” आणि तोही हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. कुसळं गेली म्हणाला. कुणी खरं धरलं नाही.

मग त्याने सगळ्यांना जवळ बोलावलं. खिशातलं पांढरं फडकं काढून सायलेन्सरला लावलं, गोणपाट बांधायला लावलं, शंभर मोजले. फडकं काळं. गोणपाट सोडलं, फडक्याची दुसरी बाजू लावली, शंभर मोजले. पांढरं.

सुकीने ते फडकं हातात घेऊन उलटसुलट केलं. “मंजे हिचा जीव घुसमटतो,” ती म्हणाली. “नि जीव घुसमटला की ही काळं वकते.”

जन्मभर गोपीनाथ जे लोकांना समजावत होता, ते त्या बाईने दोन वाक्यांत सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, सोपं झालं, गोणपाट काढून टाका! तसं नव्हे. शुक्राही चुकत नव्हता. कुसळं आत गेली तर इंजिन महिन्यात खलास. नाक उघडं ठेवून चालत नाही आणि बांधूनही चालत नाही. गोपीनाथ पाटा बसवून परत आला तो थेट चिखल्याला भावाकडे गेला आणि नारळाच्या काथ्याची दोन पोती घेऊन आला. रॉकेलचे रिकामे डबे कापले. इंजिनाच्या नाकाला लांब नळी जोडून ती ड्रायव्हरच्या टपावर नेली, कारण कुसळं खाली उडतात, वर हवा स्वच्छ. नळीच्या टोकाला डबा, डब्यात तेलात भिजवलेला सैल काथ्या. कुसळं काथ्याला चिकटतात, हवा मधून जाते. रोज संध्याकाळी काथ्या झटकायचा, धुवायचा, परत तेल लावायचं. एवढंच.

चिमणशेठने तो प्रकार बघून कपाळाला हात लावला. “गाडीच्या डोक्यावर डबा? लोक हसशे ने, मेस्त्री!”

“हसू दे. तुम्ही एक खेप शुक्राबरोबर जा.”

शेठ गेला. चढणीवर जिथे ट्रक नेहमी पहिल्या गियरमध्ये रडत यायचा तिथे दुसऱ्यात हसत आला. शेठ खाली उतरला, मागे जाऊन सायलेन्सरकडे बघितलं, बोट आत घालून बघितलं, चटका बसला म्हणून ओरडला, आणि म्हणाला, “धूर क्यां गयो, कुठे गेला?”

“जोरात गेला,” गोपीनाथ म्हणाला. “तुमचा जोर इतके दिवस माझ्या बायकोच्या छातीत जात होता.”

शेठने बोट चोखत परत एकदा सायलेन्सरकडे बघितलं. मग म्हणाला, “साते साती गाड्यांना लाव. आणि मेस्त्री, मला आधी सांगायचं ने, बाईंना त्रास होतो म्हणून.” गोपीनाथने सांगितलं होतं, एकदा नाही चारदा, पण तो म्हणाला, “चुकलंच माझं.” समोरचा शहाणा होत असताना जुनं उकरू नये.

काथ्या रोज धुण्याचा प्रश्न होता. ड्रायव्हर लोक कंटाळा करणार, हे गोपीनाथला ठाऊक होतं. पण शुक्राने सगळ्यांना दम भरला: “गाडीचं तोंड बांधून शाळेपुढं उभा राहील त्याला मी चोर म्हनेन.” दम कामाला आला. आणि फाटकावरची पाटी गोपीनाथने स्वतः उतरवली. तिच्या जागी नवी लावली: ‘गाडी आहे तशी आणावी.’

होळीला चार दिवस असताना सातवा डबा बसला. होळी झाली. वसुमतीबाईंनी अर्जाचं नाव काढलं नाही आणि गोपीनाथची विचारायची छाती होईना. तसबिरीमागे त्याने चोरून बघितलं. अर्ज तिथे नव्हता! पाठवला वाटतं.

धुळवडीनंतरच्या दिवशी तो शुक्राच्याच ट्रकाखाली आडवा पडला होता. रस्त्यावर सहा ट्रक रांगेत, इंजिनं चालू. अकरा वाजले. आणि पलीकडून कडीचा आवाज आला. एक खिडकी उघडली. मग दुसरी. मग तिसरी.

“सतरा एके सतरा!”

पन्नास पोरं. आणि त्यांच्या वर, थोडा घोगरा, थोडा थकलेला, पण तोच: “हिरू, नुसतं तोंड उघडू नकोस, आवाज काढ! सतरा दुणे?”

“मेस्तरी,” शुक्राने वाकून विचारलं, “झोपलास काय?”

“गप,” ट्रकाखालून आवाज आला. “पाढा संपू दे.”

शुक्राने खाली बघितलं, शाळेकडे बघितलं, आणि पुढे चालत जाऊन सहाही ट्रकांची इंजिनं बंद करायला लावली. मग सुरू व्हायला अर्धा तास लागला तर लागो.

दमा काही पुरता गेला नाही, तो कसा जाणार? पावसाळ्यात यायचा, चार दिवस राहायचा. पण बाई जव्हारला गेल्या नाहीत. त्या संध्याकाळी गोपीनाथने भीतभीत विचारलंच, “अर्ज पाठवलास?”

“कुठला? तो होय? चांगला जाड कागद होता. मागे सतराचा पाढा लिहून वर्गात भिंतीला चिकटवला.”

सहा वर्षं तो पाढा भिंतीवर होता. १९६६ साली शाळेला रंग काढायचा म्हणून गोपीनाथच मदतीला गेला आणि कागद सोडवून उलटा करून त्याने तो अर्ज पहिल्यांदा वाचला. नाव होतं, शाळा होती, कारण होतं, ‘येथील धूर मानवत नाही.’ खाली सहीची जागा कोरी.

“सहीच नाही गं यावर!”

वसुमतीबाई बादलीत चुना कालवत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. “चार वेळा अर्ज शाळेत नेऊन टाक घेऊन बसले होते, वर्गात, खिडकी लावून. दर वेळी फटीतून बघायची, तर तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या गाडीमागे उकिडवे. हातात ते फडकं, ओठ हलतायत, शंभर मोजताय. कशी करणार होते मी सही?”

गोपीनाथने कागदाची घडी घालून खिशात ठेवली, फडक्याशेजारी. मग त्याने कुंचला उचलला आणि रस्त्याकडची भिंत रंगवायला घेतली.